साडेचार लिटर पिवळा

यादी मीच टाइप केली होती,
म्हणून मला नक्की ठाऊक आहे: अकरा.
अकरा शिल्पं, अकरा पाट्या,
ग्रंथालयामागून निघणारी एक पायवाट
आणि जमिनीवर पिवळे बाण,
कुणी चुकू नये म्हणून.

परीक्षा विभागात माझं टेबल खिडकीकडे पाठ करून.
एकवीस वर्षं मी गुणपत्रिकांवरची आडनावं दुरुस्त करते.
कुणा वेळीपाचा वेलीप झालेला असतो,
कुणा गांवकाराचा अनुस्वार हरवलेला.
कलेचा आणि माझा संबंध एवढाच,
की त्या आठवड्यात सुलक्षाच्या मुलाला कांजिण्या आल्या
आणि तिची फाईल माझ्याकडे सरकली.

क्रमांक. माध्यम. आकार. शीर्षक.
जांभा, सहा फूट.
बार्जचा पत्रा; गंजू द्यावा, पुसू नये.
मंगळुरी कौलं, फुटकी, अंदाजे नऊशे.
सातव्या ओळीत शीर्षकाच्या रकान्यात
फक्त एवढंच लिहिलेलं: नाव.
मला वाटलं, भरायचं राहिलं.
मी टाइप केलं: शीर्षक नाही.
तशीच पाटी कोरून आली.

आता ताळगावच्या पठारावर,
पाण्यापासून शंभर हात उंच,
फणसाच्या लाकडाची एक होडी उभी आहे
आणि तिला नाव नाही.
माफी मागायला गेले तर
दिवाडीची ती मुलगी, इझाबेल,
भुसा झाडत म्हणाली,
"बुडाली तर नाही ना?"

तेव्हापासून डबा लवकर संपला की मी चालते.
आधी माझ्याच चुका शोधायला,
मग सवयीनं.
चौथ्याजवळ, भिंत नसलेल्या दारातून
मुलं तोंडी परीक्षेआधी वाकून आत जातात
(आत म्हणजे कुठे, ते विचारू नये).
नवव्याच्या पोटात एकदा कुत्री व्यायली.
त्या महिन्यात सगळे नववंच बघायला यायचे.

अकराव्यापाशी वाट संपते.
नकाशातही संपते.
पण चवथीनंतरच्या एका उघडिपीत
अकराव्याच्या पुढे आणखी एक बाण दिसला.
काजूंच्या खालून, जरा तिरका,
टोकाशी रंग पातळ झालेला.

गेले. तिथे काहीच नव्हतं.
म्हणजे, सडा होता.
काळा, भोकाभोकांचा,
एका खळग्यात ओंजळभर पाणी,
काठाला सीतेची आसवं,
इतकी बारीक की आधी वाटलं
कुणाचं तरी निळं पेन गळलंय.
खाली झुवारी.
एक रिकामं बार्ज मुरगावकडे निघालेलं,
इतकं सावकाश, की ते चालतंय हे
मी निघताना वळून पाहिलं
तेव्हा कळलं.

बाण पुनो काढतो.
बाग, गटारं, पदवीदानाच्या खुर्च्या, हेही तोच.
विचारलं, हा बारावा कसला रे?
तो ब्रश रॉकेलमध्ये घोळवत राहिला.
"रंग उरलो, बाये.
उडोवंक जीव जालो ना."

पुढे पाहुण्यांची समिती आली.
बाण सांगेल तशी गेली.
एका गृहस्थांनी पाटी शोधली, दगडामागेसुद्धा.
एक बाई उकिडव्या बसल्या त्या बसल्याच,
गाडीचा हॉर्न तीनदा वाजेपर्यंत.
अहवालात मात्र अकराच.
साहजिक आहे,
यादी माझी होती.

यंदा पावसानं सगळेच बाण खाल्ले.
ऑक्टोबरात मागणीपत्राचा मसुदा आला, हातानं लिहिलेला.
रस्त्याचा रंग, पिवळा: चार लिटर.
इतक्या वर्षांत मी दुसऱ्याच्या चुका सुधारल्या
आणि एक स्वतःची केली.
खिडकीकडे पाठ करूनच बसले होते.
आकडा नीट वाचला,
दोनदा तपासला
आणि टाइप केला:
साडेचार.